डोळे झाल्याशिवाय मोजायचं नाय

पेणजवळच्या जोह्यात आमचा गणपतीचा कारखाना, त्यात एक नियम आहे. मूर्तीला डोळे झाल्याशिवाय तिला मोजायचं नाही. मूर्ती साच्यातून निघो, घासून गुळगुळीत होवो, मुकुटापासून उंदरापर्यंत रंगून बसो, जोवर डोळ्यांची जागा कोरी आहे तोवर ती 'आलेली' नाही. नियम माझ्या वडिलांचा. कच्चा माल मोजला की फुटतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि एकदा मोजून तर बघू या, असं म्हणायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही. गिऱ्हाईक येतं, विचारतं, "हर्षदशेठ, किती मूर्ती तयार हायत?" समोर फळ्यांवर छतापर्यंत सोंडाच सोंडा लागलेल्या असतात आणि मी सांगतो, "अजून एकपण नाय." गिऱ्हाईक मला खोटारडा समजतं. समजू दे.

मोजायची वेळ आली तरी पहिल्या मूर्तीला कोणी 'एक' म्हणत नाही. खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला म्हणतात तसं 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. वडील असंच मोजायचे, मीही असंच मोजतो.

आणि हे डोळे करणारी बाई म्हणजे इंदुकाकी. साठीच्या पुढची, अंगानं एवढीशी, आवाज मात्र शेतापलीकडच्या माणसाला दचकवणारा. वडील गेले, मी शेठ झालो, पेणच्या बाजारात लोक मला 'या, बसा' म्हणायला लागले, पण काकीच्या लेखी मी अजून साच्यात पाय अडकवून भोकाड पसरलेला हर्ष्याच आहे. डोळ्यांच्या आखणीचा बारीक ब्रश ती अंबाड्यात खोचून ठेवते. बाजारात, लग्नात, मयताला, सगळीकडे. कोणी विचारलं तर म्हणते, "गजऱ्यापरीस बरा. सुकत नाय."

काकी आधी डोळ्यात पांढरं भरते, मग बुबुळ, मग पापणीची रेघ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात एक पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. मग तिच्यासमोर आमच्याकडे कोणी विडी ओढत नाही, शिवी देत नाही. तिला 'नग' म्हणायचं नाही. आणि काही झालं तरी ती मोडायची नाही, फेकायची नाही. जायचं तर पाण्यात, वाजतगाजत.

हे सगळं एवढं सविस्तर सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात माझी काही चूक नव्हती हे लोकांना कळायला पाहिजे.

काकीचा नवरा काळुरामबाबा. जन्म मिठागरात गेला, आता गुडघे बोलतात म्हणून घरी. मुलगा मिथुन रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला, सून ऋतुजा रोह्यात एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला. दोघं रोह्यात भाड्याच्या खोलीत राहतात. आणि त्यांची मुलगी मनस्वी, चार वर्षांची, ती मात्र इथं आजीकडे. दात यायच्या आधीपासून इथंच. आईबापाच्या ड्युट्या अशा की पोरीला सांभाळायला घरात कोणी जागं नाही. म्हणून मनस्वी वाढली ती माझ्या कारखान्यात, उलट्या बादलीवर बसून, आजीच्या ब्रशाकडे बघत. तिला मोजायला कोणी शिकवलं नाही. आजीनं डोळे केले की ती म्हणायची 'लाभ', पुढचे झाले की 'दोन'. आम्हाला कौतुक वाटायचं. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मग ऋतुजाच्या मोबाइलवर आयांचा एक ग्रुप सुरू झाला. त्यात 'घरच्या घरी गणित' म्हणून रोज एक क्लिप यायची. एक हसरी बाई स्वच्छ ओट्यापाशी उभी राहून सांगायची, मुलांना चमचे मोजू द्या, चिमटे मोजू द्या, जिन्याच्या पायऱ्या मोजू द्या, घर हीच शाळा. त्या बाईच्या घरात कोणी काम करताना मला कधी दिसलं नाही. काकीकडे बटणांचा फोन. म्हणून क्लिपा कोणाच्या फोनवर येणार? माझ्या. आणि पोरगी मोजेल तेव्हा क्लिप काढून परत कोणी पाठवायची? मीच. मूर्तीच्या फोटोंना जागा उरली नाही, त्या बाईचे एवढे चमचे माझ्या फोनमध्ये बसले.

एका संध्याकाळी ऋतुजानं फोन केला. मी आवाज मोठा करून फोन काकीपुढे धरला.

"आई, शाळेतल्या बाईंशी बोलले. त्या एकदा मनूला बघणारेत. तिला आकडे नीट येत असतील तर म्हणाल्या घाई नाही, अजून एक वर्ष गावात राहू दे. पण मागं पडली असेल तर जूनपासून इथंच आणून टाकते. शाळा सुटली की पाळणाघर, मग क्लास. काय करणार मग."

"मागं कशी पडंल? माझ्या मांडीवर असते ती," काकी म्हणाली. फोन बंद झाल्यावर ती बराच वेळ एकाच मूर्तीसमोर ब्रश धरून बसली. मग मला म्हणाली, "हर्ष्या, ही गेली ना, तर त्या घरात मी आन् म्हातारा एकमेकांची तोंडं बघत मरू."

दुसऱ्या दिवशी काकीनं ओटीवर चटई घातली आणि दहा वांगी मांडली. घरच्या मळ्यातली, जांभळी, चकचकीत. मी फोन धरला.

"मनू, मोज बघू. किती वांगी हायत?"

मनस्वीनं वांग्यांकडे बघितलं. मग आजीकडे. मग पुन्हा वांग्यांकडे, जरा वाकून.

"एकपण नाय," ती म्हणाली.

"अगो, ही बघ की! ही केवढी! मोज."

"आली नाय अजून," मनस्वी शांतपणे म्हणाली आणि उठून मांजराकडे गेली.

मी हसलो. काकीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की फोन खाली गेला. मग तिनं चमचे आणले. एकपण नाय. कपड्यांचे चिमटे आणले. एकपण नाय. ओटीच्या पायऱ्या दाखवल्या. मनस्वीनं वरपासून खालपर्यंत बघितलं. शेवटच्या पायरीवर मांजर बसलं होतं. "लाभ," ती म्हणाली आणि थांबली.

दुपारी काळुरामबाबा जेवायला बसला. ताटात सुकट होती, वाळवलेली बारीक कोळंबी, प्रत्येक सुकटीला काळा ठिपक्याएवढा डोळा. मनस्वी धावत आली आणि बोट लावून मोजायला लागली. "लाभ, दोन, तीन, चार..." बाबानं घास उचलला तर ती ओरडली, "आजोबा, मोजल्याशिवाय नाय!" भात गार झाला, पण बाबा थांबला. पोरगी सुकटीच्या ढिगात चाळीसच्या पुढं गेली आणि एकही आकडा चुकली नाही.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. पोरीला मोजता येत होतं. तिला फक्त डोळे पाहिजे होते.

दुसरं कोणी असतं तर पोरीला समजावलं असतं, की बाळा, तो नियम मूर्तींचा, वांग्यांना लागू नाही. मी तसं सुचवलंही. काकी म्हणाली, "तुझ्या बापाचा नियम हाय. तो मी खोटा पाडू?" आणि अंबाड्यातला ब्रश काढला.

दहा वांग्यांना तिनं डोळे केले. साधेसुधे नाहीत, मोठ्या मूर्तीला करते तसे. पांढरं, बुबुळ, पापणी, ठिपका. डोक्यावर हिरवं देठ टोपीसारखं, खाली ते डोळे. दहा वांगी चटईवरून आमच्याकडे टक लावून बघायला लागली. मी नकळत चपला काढल्या.

"लाभ, दोन, तीन," मनस्वी खुशीत म्हणाली आणि दहापर्यंत धडाधड गेली. मी क्लिप पाठवली. ऋतुजाकडून लाल बदाम आले. 'आई, किती छान सजवून शिकवता!' असं लिहिलं होतं. तिला वाटलं ही हस्तकला आहे.

रात्रीच्या जेवणाला बाबानं वांगं-सुकट मागितलं. काकी विळीवर बसली, एक वांगं हातात घेतलं, त्यानं तिच्याकडे बघितलं, तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि विळी मिटून ठेवली.

"काय झालं गो?" बाबानं विचारलं.

"डोळे झालेत त्यांचे. कापायची कशी?"

"सुकटीला पण डोळे हायत. ती चालते?"

"सुकटीचे डोळे देवानं केलेत. त्याचं तो बघील. हे मी केलेत."

बाबा माझ्याकडे आला. एवढा मोठा माणूस, मिठागरात उन्हानं करपलेला, मला म्हणाला, "हर्षद, तू सांग तिला. वांग्याविना मला सुकट जात नाय." मी सांगितलं. काकी म्हणाली, "तू काप मग." मी विळीवर बसलो. मी मूर्तिकाराचा मुलगा आहे, माझ्यानं झालं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे सगळे सुकट-भात जेवले आणि वांगी देव्हाऱ्याखाली रांगेत बसली.

पुढचे आठ-पंधरा दिवस त्या घरात जे झालं ते सांगितलं तर लोक म्हणतात, हर्षद शिमग्याला घेतो वाटतं. रोज नवी क्लिप यायची आणि काकी त्यातल्या वस्तूला डोळे करायची. चमचे झाले. चिमटे झाले. दोरीवर धोतर वाळत घातलं की वरून रांगेनं चिमटे बघायचे. लाटणं झालं, पोळपाट झाला. बाबाच्या चपलांना डोळे झाले आणि त्यांच्यावर पाय ठेवायचा कसा म्हणून बाबा अनवाणी हिंडायला लागला. आंघोळीच्या तांब्याला डोळे झाले, तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. "आंघोळ करताना एकटक बघतो माझ्याकडे," तो चारचौघांत म्हणाला. मग तो तांब्याला फडकं बांधून आंघोळ करायचा. एका सकाळी फडकं सुटलं तर बाबा पंचा गुंडाळून ओला तसाच ओटीवर आला.

आणि माझे गणपती? माझे गणपती आंधळे बसले होते. पेणच्या एका व्यापाऱ्याची गाडी दोनदा रिकामी परत गेली. शेवटी मी काकीच्या घरी जाऊन तोंड सोडलं.

"काकी, तिकडं माझा सगळा माल कोरा पडलाय आणि तू इथं लाटण्याला डोळे काढतेस! लाज नाय वाटत?"

काकीनं मान वर केली नाही. ती शेंगदाण्याला डोळे करत होती. शेंगदाण्याला! "गणपती थांबतात रे हर्ष्या," ती म्हणाली, "पोरगी थांबत नाय."  मी शेंगदाणे धरायला बसलो. ते घसरतात फार.

दरम्यान देव्हाऱ्याखालची वांगी सुकायला लागली. त्यांची अंगं सुरकुतली, पण रंग चांगल्या कंपनीचा, डोळे जसेच्या तसे. म्हाताऱ्या माणसांची पंगत बसावी तशी ती दिसायची. फेकायची सोय नव्हती. काकीनं ठरवलं, विसर्जन. दहाही वांगी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मनस्वीनं पुढं घंटा वाजवली, आणि आम्ही खाडीवर गेलो. वाटेत माणसं भेटली ती आधी हसली आणि मग मागून आली, कारण एकदा घंटा वाजली की आपल्याकडे माणूस मागं राहत नाही. कोणी तरी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणालंच. बाबा एकसारखा सांगत होता, "अगो, भरती लागलीय, ओहोटीवर सोड." काकीला घाई. मान खाली घालून तिनं वांगी सोडली.

वांगं बुडत नाही. हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दहाही वांगी डोळे वर करून तरंगली, जरा वेळ इकडं तिकडं बघत राहिली, आणि भरतीच्या पाण्यानं सरळ बाबाच्या जुन्या मिठागराच्या बांधाकडे निघाली. दुसऱ्या दिवशी मिठावर काम करणारा जनू धापा टाकत कारखान्यात आला. "शेठ, बांधावर कोणतरी बसलंय. बघतायत माझ्याकडं." त्यांना पुन्हा सोडायला बाबा एकटा गेला, ओहोटी बघून. परत येताना मला म्हणाला, "जाताना त्यातलं एक सारखं वळून बघत होतं रे." 

रोह्याला जायचा दिवस आला. मी माझा टेम्पो काढला, कारण काकीनं काढ म्हणून सांगितलं. नागोठणं सोडलं, कुंडलिकेचा पूल आला तोवर काकी मनस्वीला घोकवत होती, "बाईंनी विचारलं की मोजायचं हां, बाळा." मनस्वी म्हणत होती, "डोळे असले तर."

शाळेच्या त्या खोलीत सगळ्या खुर्च्या बाहुल्यांच्या मापाच्या. काळुरामबाबा एकीत बसला आणि उठताना खुर्ची बरोबर आली. ऋतुजा इस्त्रीच्या कपड्यांत, कपाळावर घाम. मिथुन रात्रपाळी संपवून धाटावहून थेट आलेला, कंपनीच्या गणवेशातच. तो भिंतीकडेच्या बाकावर टेकला. बाई तरुण होत्या, गोड बोलायच्या. "परीक्षा नाही हं ही," त्या म्हणाल्या, "नुसत्या गप्पा." नुसत्या गप्पा, तर ऋतुजा मनस्वीचे केस तिसऱ्यांदा का विंचरत होती?

बाईंनी टेबलावर दहा लाकडी मणी ठेवले. "मनस्वी, किती मणी आहेत सांग?"

"एकपण नाय."

बाईंनी पेन्सिली ठेवल्या. एकपण नाय. रंगीत ठोकळे ठेवले. मनस्वीनं एकेक ठोकळा फिरवून सहा बाजू तपासल्या. "आले नाय अजून," ती म्हणाली. बाईंनी ऋतुजाकडे बघितलं, डॉक्टर एक्सरेकडे बघतात तसं. ऋतुजाचा चेहरा पडला. "घरी तर शंभरपर्यंत मोजते हो," ती म्हणाली. असं सगळ्याच आया म्हणतात, हे बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"बाई, जरा थांबा," काकी उठली. अंबाड्यातला ब्रश काढला, कमरेच्या पिशवीतून रंगाच्या दोन डब्या काढल्या, आणि बाई काही म्हणायच्या आत दहा मण्यांना डोळे केले. मणी केवढे ते, पण ठिपकासुद्धा सोडला नाही.

"लाभ, दोन, तीन, चार..." मनस्वी सुटली. मणी संपले तरी थांबेना. तक्त्यावरचा पोपट मोजला, हत्ती मोजला, सशाची चार पिल्लं मोजली, भिंतीवरचे सगळे थोर पुरुष मोजले, दारातून डोकावणाऱ्या शिपायाला मोजलं. बाईंकडे बोट करून म्हणाली, "छत्तीस." मग बाईंनी डोळे असलेले चार मणी मुठीत लपवले आणि विचारलं, "आता किती उरले?" "सहा. तुमच्या हातात चार हायत, त्यांना आता काय दिसत नाय."

बाई हसल्या. मनापासून हसल्या. "अहो, हिला संख्या पक्की कळते. फक्त पहिला आकडा जरा... तो होईल. काही काळजी करू नका. अजून एक वर्ष आजीकडे राहिली तरी चालेल."

काकीनं माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं तिला ओळखतो, पण इतकी आनंदात मी तिला कधी बघितली नव्हती. तिनं पदर नीट केला आणि बाईंना म्हणाली, "हे मणी आता फेकायचे नाय हां, बाई. पाण्यात सोडायचे. ओहोटीला." बाईंनी घाबरून मण्यांकडे बघितलं.

इथं उठलो असतो तर बरं झालं असतं. पण बाई गोड होत्या, त्यांनी जाता जाता एक विचारलं. "मनस्वी, तुझ्या घरी कोण कोण असतं ते मोजून सांग बघू."

"लाभ आजी," मनस्वी म्हणाली. "दोन आजोबा. तीन मांजर. चार आई, ती रविवारी असते."

"आणि बाबा?"

मनस्वी वळली. बाकावर मिथुन भिंतीला डोकं टेकून झोपला होता, तोंड उघडं, हात मांडीवर उपडे. ती त्याच्याजवळ गेली. गुडघ्यावर हात ठेवून तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, या कोनातून, त्या कोनातून, तिची आजी मूर्ती बघते तसं. मग परत येऊन म्हणाली, "बाबा आले नाय अजून. त्यांचे डोळे व्हायचेत."

 पोरगी खोटं बोलत नव्हती. रविवारी मिथुन जोह्याला यायचा तो शिफ्टवरून, आणि आला की खाटेवर आडवा. ही रोह्याला गेली की तो कामाला, नाही तर पांघरुणात. तिनं बापाला बघितला तो असाच, मिटलेला. नियम तो नियम.

मिथुन दचकून जागा झाला. "झालं?" त्यानं विचारलं. ऋतुजा खिडकीकडे तोंड करून उभी होती. शेवटी काळुरामबाबानं त्याला सांगितलं, जसं झालं तसं. बाबाला गोष्ट मऊ करून सांगता येत नाही.

मिथुन आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. तो पोरीपुढे उकिडवा बसला, डोळे ताणून. "हे बघ, हायत की डोळे. मोज मला."

मनस्वीनं बघितलं. "आता हायत," ती म्हणाली. "पण तू झोपशील."

 मिथुन काकीकडे वळला. "आये, ब्रश हाय ना? पापण्यांवर काढ माझ्या. मग झोपलो तरी उघडेच दिसतील." आणि त्यानं डोळे मिटून तोंड वर केलं. तो चेष्टा करत होता की काय, मला आजतागायत कळलेलं नाही. काकी खरंच पुढं गेली. डाव्या हातानं तिनं त्याची हनुवटी धरली, मूर्तीची धरते तशी, आणि ब्रश उचलला. त्याच्या पापण्या सुजलेल्या, कडा लाल. काकीचा हात आखणीला कधी हलत नाही. तो हलला.

तिनं ब्रश परत अंबाड्यात खोचला. "ऊठ," ती म्हणाली. "मला नाय जमायचं." मग सुनेला म्हणाली, "ऋतुजा, जूनमध्ये हिला घेऊन जा."

"पण आई, बाईंनी तर सांगितलं..."

"बाईंनी पोरीचं सांगितलं. पोरगी झाली तयार. हिचा बाप कच्चा हाय अजून." काकीचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "जोह्यात बसून त्याचे डोळे कोण करणार गो? ही रोज सकाळी छातीवर बसू दे त्याच्या. मग बघू कसा झोपतो."

परतीच्या वाटेवर ती नागोठण्यापर्यंत रंगाच्या डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा आवळत बसली. मग टेम्पोतच हमसून हमसून रडली. तिनं जिंकलेलं सगळं पाच मिनिटांत स्वतःच्या हातानं देऊन टाकलं होतं, आणि मला त्याचा भयंकर राग आला. मी म्हणालो, "काकी, एक वर्ष तर मिळत होतं. कशाला बोललीस?" ती म्हणाली, "गाडी चालव."

मिथुनची शिफ्ट काही बदलली नाही. पण मनस्वीला न्यायला तो आला तो रात्रपाळी करून, न झोपता, ऋतुजाला घेऊन, आणि खाटेकडे गेलाच नाही. ओटीवर काळा चहा पीत उभा होता. ऋतुजा म्हणाली, महिनाभर यांचा सराव चाललाय, ड्युटीवरून आल्यावर अर्धा तास डोळ्यांवर पाणी मारून बसायचा.

आम्ही टेम्पोत सामान भरलं. माल चढवला की पाठीमागं उभं राहून मोजायचा, हाही कारखान्याचा नियम. मनस्वी कारखान्यातून आणलेल्या तिच्या उलट्या बादलीवर उभी राहिली आणि मोजायला लागली. चमचे, चिमटे, लाटणं, आणि तांब्या, जो काळुरामबाबानं फार आनंदानं दिला होता. सगळे डोळे बरोबर भरले. मग ती आमच्याकडे वळली.

काकी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोळे गच्च मिटलेले.

"आजी, डोळे उघड," मनस्वी म्हणाली.

"धूळ गेलीय बाळा. जा तू."

"उघड ना. मोजायचंय."

काकी मान हलवत राहिली. मनस्वी बादलीवरून उतरली, तिच्याजवळ गेली आणि पदर धरून उभी राहिली. टेम्पोत कोणी चढेना. शेवटी काकीनं डोळे उघडले. ते भरून वाहत होते, पण उघडे होते.

"लाभ," मनस्वी म्हणाली.

मग ती बापाकडे वळली. मिथुननं दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर ओढून धरल्या होत्या. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. चहा गार झाला असेल.

"दोन," ती म्हणाली.

मिथुननं पापण्या सोडल्या, पण डोळे मिटले नाहीत. मग तिनं आजोबांना मोजलं, आईला मोजलं, पायरीवरच्या मांजराला मोजलं, शेवटी मलाही मोजलं, आणि मी टेम्पो चालू केला.